शपथेचं पाणी

जुन्या जपानातल्या एका खोऱ्यात छोट्या जमीनदारांनी आपला संघ बांधला. त्यांच्यात कुणी धनी नव्हता, सगळं एकमताने चाले. शेजारच्या कागेहिरा सरदाराला हे खुपलं. त्याने पाटाचं पाणी अडवलं आणि भाताची रोपं पिवळी पडू लागली.

घाबरलेले जमीनदार देवळात जमले. कुणीही कुणाचं पाणी अडवणार नाही, अशी शपथ त्यांनी कागदावर लिहिली, कागद जाळला आणि राख वाडग्यातल्या पाण्यात कालवली. ते पाणी सगळे पिणार, एवढ्यात कागेहिरा शिपायांसह आत घुसला.

"कुठे आहे तुमची शपथ?"

कुणीतरी वाडग्याकडे बोट दाखवलं. कागेहिराने तो उचलून घटाघटा रिकामा केला. "संपली तुमची शपथ!"

सगळ्यांचे चेहरे पांढरे पडले. तेव्हा इयो नावाची विधवा जमीनदारीण पुढे झाली. तिने वाकून नमस्कार केला.

"संघात स्वागत आहे, सरकार. हे पाणी पिऊन शपथ मोडणाऱ्यावर देव कोपतो. आम्ही एकेक घोट घेणार होतो. आपण तर सगळ्यांच्या वाटची शपथ एकट्यानेच घेतलीत!"

कागेहिराचा हात तलवारीकडे गेला. त्याने मागे पाहिलं, तर त्याचे शिपाईच घाबरून देवाला हात जोडत होते.

संध्याकाळच्या आत पाटाला पाणी आलं.