ध्यानखोलीची कडी

“…आणि तेही ताप चढायच्या आधी, बाबा! सांगा, दुसऱ्या कुणाला कळलं असतं?”

डॉक्टर विभास केळुसकर टेकडी चढून आला होता. त्याची कीर्ती त्याच्या आधीच वर पोचली होती. धाप मात्र त्याला एकट्यालाच लागली होती. लहानपणी याच मठात तो पाढे शिकला. परवाच्या शिबिरात त्याच्या नव्या यंत्राने इथे एक जीव वाचवला होता, आणि बाबांचं ‘शाबास’ ऐकल्याशिवाय तो खाली उतरणार नव्हता.

उद्धवबाबा ध्यानाच्या खोलीच्या दाराशी उकिडवे बसून स्क्रूड्रायव्हर फिरवत होते. याच खोलीत ते एकदा इतके निश्चल बसले की चिमणीने त्यांच्या जटेत घरटं केलं. अंडी किती होती, यावर मात्र गावात दोन मतं आहेत.

“ऐकताय ना?”

“कान मोकळेच आहेत. बोल.”

“तुमची स्वयंपाकीण, सारजाबाई. नुसतं अंग मोडून आलंय म्हणत होती. मी रक्ताचा थेंब घेतला. संसर्ग हाताबाहेर जायला लागला की रक्तातलं एक प्रथिन चढतं. तिचं असं चढलेलं की यंत्रालाच घाम फुटला! लघवीतले जंतू मूत्रपिंडात पोचलेले, तिथून रक्तात. अर्धा दिवस उशीर झाला असता तर…”

बाबांचा हात थांबला.

“आज कशी आहे?”

“वाचली. आठवड्याने कामावर येते म्हणते. पण पुन्हा असं झालं, तर मूत्रपिंडाचा भरवसा नाही.”

“हं…”

“अर्धा दिवस आधी, बाबा! माझ्याआधी कुणाला…”

“तांब्याला.”

“कुठल्या तांब्याला?”

“तिच्या चुलीपाशी असतो. सकाळी भरलेला, संध्याकाळी तसाच. तीन वर्षं बघतोय मी.”

“आणि कधी बोलला नाहीत?”

“बोललो की! दर गुरुवारी, प्रवचनात. संयम शिकायचा तर सारजाबाईकडून शिका, म्हणायचो. लोक माना डोलवायचे. ती बिचारी खाली बघायची…”

विभासला हसू फुटत होतं. बाबांचा चेहरा पाहिला आणि ते ओठांतच राहिलं.

“काल दवाखान्यात जाऊन विचारलं,” बाबा म्हणाले, “बाई, पाणी का पीत नाहीस? म्हणाली, संडासाच्या दाराला आतून कडी नाही. समोरच्या ओट्यावर तुमचे शिष्य बसलेले. घरी जाईपर्यंत कळ काढते.”

…

विभासने तेव्हा कुठे बाबांच्या हाताखाली पाहिलं. दाराची पितळी कडी लोंबत होती. चारांतले तीन स्क्रू जमिनीवर.

“बाबा, अहो, ही ध्यानाच्या खोलीची कडी! तुम्ही डोळे मिटून बसलात की कुणीही आत घुसेल.”

“घुसू दे.” बाबांनी स्क्रूड्रायव्हर त्याच्या हातात दिला. “हा चौथा गंजलाय. जरा जोर लाव.”