पद्माक्कांच्या रांगेतले पाच जण

कोल्हापूरकडच्या एका औद्योगिक वसाहतीत छोटं वर्कशॉप चालवणाऱ्या पद्माक्का चौगुलेंनी शंभर गिअरांचे दाते कापायला चार दिवस मागितले, तेव्हा मोठ्या कंपनीचे राजाध्यक्ष साहेब हसले. "आमचं ऑनलाइन नेटवर्क बघा!" म्हणत त्यांनी मोबाइलवर बोट फिरवलं. मिनिटात वसाहतीतल्याच पाच कारखान्यांनी दोन दिवसांचा वायदा करून काम वाटून घेतलं. अक्कांनी नुसता चहा पाजला.

तिसऱ्या दिवशी साहेब घामाघूम होऊन हजर. "एकही गिअर आला नाही! आमची उत्पादनाची लाइन बंद पडतेय. आधी माझं काम घ्या!"

"घेतलं असतं, पण तुमच्या पुढं पाच जण आहेत."

"त्यांना थांबवा की!"

अक्कांनी कोपऱ्यातल्या पाच पेट्या दाखवल्या. प्रत्येकीवर साहेबांच्याच कंपनीचं नाव. "दाते कापायचं मशीन अख्ख्या वसाहतीत माझ्याकडंच. पाचही कारखाने काल तुमचंच काम घेऊन इथंच आले. सांगा साहेब, या पाचांतल्या कुठल्या ‘तुम्हाला’ थांबवू?"