ठिपकीचं दार आणि काकांचा डेक

बसा बरं नीट. पाय आत घ्या. ही गोष्ट ठिपकी मुंगीची, आणि दिगंबरकाकांच्या डेकची.

डेक म्हणजे काय? बागेतला फळ्यांचा ओटा. पण ओटा म्हणायचं नाही हं! काका रुसतात.

फळ्या कसल्या? लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक, एकत्र दाबलेलं. काकू म्हणाल्या, "अहो, फिका रंग घ्या. काळा तापेल." काका म्हणाले, "तुला काय कळतंय!" आणि आणल्या काळ्याकुट्ट.

दुकानदार म्हणाला, "याला वाळवी लागत नाही. काही करावं लागत नाही. फक्त फटी तेवढ्या झाडत जा." पण 'फक्त' म्हणायच्या आधीच काका घरी निघाले. किती हुशार!

त्या डेकखाली राहायची ठिपकी. दोन फळ्यांमधली फट, तेच तिचं दार. ती गेली बाळांसाठी साखरेचा दाणा आणायला. तुरु तुरु गेली. तुरु तुरु आली. बघते तर काय? फटीत चिखल. चिखलात पान. दार बंद!

आतून बाळं ओरडली, "आई, भूक!" ठिपकीला रडूच फुटलं.

"पाना, पाना, बाजूला हो ना! दार माझं बंद झालं, बाळं माझी उपाशी!"

पान म्हणालं, "मी का म्हणून? मी मस्त रुतलंय. खराट्याला सांग."

ठिपकी गेली. तुरु तुरु तुरु.

"खराटेदादा, खराटेदादा, पान हटेना. दार माझं बंद झालं, बाळं माझी उपाशी!"

खराटा म्हणाला, "मी का म्हणून? कोपऱ्यात उभं राहायचं, केवढं काम असतं! काकांना सांग."

ठिपकी गेली. तुरु तुरु तुरु. काका डेकवर उन्हात खुर्ची टाकून पेपर वाचत होते.

"काका, काका, खराटा हलेना, पान हटेना. दार माझं बंद झालं, बाळं माझी उपाशी!"

काका म्हणाले, "मी का म्हणून? याला काही करावं लागत नाही! पायात चप्पल आहे, मी मजेत आहे. चपलेला सांग."

"चप्पलताई, चप्पलताई, काका उठेनात, खराटा हलेना, पान हटेना. दार माझं बंद झालं, बाळं माझी उपाशी!"

चप्पल म्हणाली, "मी का म्हणून? कुणी ओढलं तर सुटेन. गब्बूला सांग."

गब्बू म्हणजे काकांचा कुत्रा. घराची राखण करतो. डोळे मिटून.

ठिपकी गेली. तुरु तुरु तुरु.

"गब्बूदादा, गब्बूदादा, चप्पल सुटेना, काका उठेनात, खराटा हलेना, पान हटेना. दार माझं बंद झालं, बाळं माझी उपाशी!"

गब्बू म्हणाला, "मी का म्हणून? मी झोपलोय. दिसत नाही?"

आता कुणाला सांगायचं? कुणीच उरलं नाही. आतून पुन्हा आवाज आला, "आई, भूक!"

मग मात्र ठिपकी चिडली. "असं होय? थांबा, बघतेच एकेकाला!"

दाणा ठेवला खाली. चढली गब्बूच्या नाकावर. आणि केल्या गुदगुल्या. गुदु गुदु गुदु!

"आ... आ... आक् छी!"

गब्बू उठला. जे दिसलं ते ओढलं. काय दिसलं? काकांची चप्पल!

चप्पल सुटली. काकांचा पाय काळ्या फळीवर. चर्र!

"आई गं!" काका उठले. एका पायावर नाचले. टुणुक टुणुक टुणुक. गार जागा दिसली, तिथे पाय ठेवला. पचक! ठिपकीच्या दारातला चिखल!

काकू दारातून बघत होत्या. म्हणाल्या, "वा! काळा रंग काय खुलून दिसतोय! नाचून झालं असेल, तर हा घ्या खराटा."

खराटा हलला. खर्र खर्र. पान हटलं. चिखल गेला. दार उघडलं!

ठिपकीने दाणा उचलला. तुरु तुरु तुरु, ठिपकी आत. बाळांनी दाणा खाल्ला. कुर्रुम कुर्रुम. ठिपकीने सगळ्यांना जवळ घेतलं.

आणि वर? वर काका फटी झाडत होते.

काकूंनी विचारलं, "काय हो, याला काही करावं लागतं का?"

"छे! काहीच नाही!" काका म्हणाले.

खर्र खर्र. खर्र खर्र.