गुरवाचं एक बोट

फार वर्षांपूर्वी, केळवडीला अजून गाडीरस्ता नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. भिकोबा गुरव जाखाईची पूजा करायचा. माणूस सोवळ्याचा, पण मनानं वाईट नव्हता. एकदाच त्याच्या तोंडून शब्द गेला, आणि तो त्याला जन्मभर पुरला.

त्याच गावात धोंडू राहायचा. लहानपणी तापात त्याचे पाय लुळे पडले, तेव्हा त्याच्या आईनं जाखाईला नवस बोलला होता, "लेकाच्या पायांत बळ दे, त्याच पायांनी तो तुझी सेवा करील." पुढं त्याच्या मामानं एका मोडलेल्या नाटक कंपनीची पायपेटी घरी आणली. तिच्या खाली दोन फळ्या होत्या. त्या पायांनी दाबत राहिलं की भात्यात हवा भरायची, मग वर पट्टी दाबली की सूर निघायचा. धोंडू गुडघ्यांवर हातांनी जोर देऊन फळ्या दाबायचा. दाबता दाबता पायांत जीव आला. असं म्हणतात, तो वाजवायला बसला की गुरं रवंथ थांबवून ऐकायची.

जत्रेच्या दिवशी धोंडू आपल्या पायांनी देवळाच्या पायऱ्या चढला, पाठीवर पेटी घेऊन. भिकोबानं त्याला दारातच अडवलं.

"अरे, पुस्तकाला पाय लागला तर आपण नमस्कार करतो. आणि तू देवीसमोर वाद्याला लाथा हाणणार?"

"लाथा नाहीत, गुरवबाबा. पाय आईनंच दिलेत. तिच्याच चरणी वाहायचेत."

"मग हातानं वाजव की! हात कुणी बांधलेत तुझे?"

लोक हसले. धोंडू हसला नाही. तो पेटीपुढं गुडघ्यांवर बसला, वाकला आणि दोन्ही हातांनी फळ्या दाबू लागला. पेटी नुसती श्वास घेऊ लागली. पट्ट्यांवर ठेवायला हात उरलेच नव्हते. असं म्हणतात, त्या श्वासाबरोबर समईच्या ज्योती पेटीकडं झुकायच्या आणि परत सरळ व्हायच्या.

धोंडूनं मान वर केली. "गुरवबाबा, एक बोट ठेवा. एवढा एकच सूर आईला ऐकू द्या."

भिकोबाचा हात उचलला गेला. पण सगळा गाव बघत होता. हात तसाच खाली आला.

धोंडू उठला. पेटी तिथंच ठेवून पायऱ्या उतरला, तो पुन्हा कुणाला दिसला नाही. त्याच्यामागं पेटीचा भाता तीन दिवस आपोआप हलत होता, असं म्हणतात.

चौथ्या दिवशी भिकोबा त्याला शोधायला निघाला. सात वर्षं गावोगाव फिरला. परतला तेव्हा पायांना भेगा पडलेल्या. घरी न जाता तो देवळात आला आणि पेटीच्या फळ्यांवर डोकं टेकून म्हणाला, "एक बोट तर मागितलं होतंस रे!"

अजूनही केळवडीच्या जत्रेत पेटीवाला आधी गुडघ्यांवर बसतो आणि फळ्या हातांनी दाबतो. पेटी श्वास घेते. सगळा गाव गप्प उभा असतो. बारकी पोरं विचारतात, "आजी, वाजत का नाही?"

"थांब, गुरव येतोय," आजी म्हणते.

मग गुरवाच्या घरातला सर्वांत थोरला पुढं येतो आणि पट्टीवर एक बोट ठेवतो.