धनेशाची हाक

सह्याद्रीच्या एका जंगलात धनेश पक्ष्यांचे एक जोडपे राहत असे. त्यातल्या नराचा मला अजूनही राग येतो, म्हणून ही गोष्ट मी जरा चढ्या आवाजात सांगणार आहे. मुलांनो, कान झाकायचे नाहीत.

धनेशांची रीत तुम्हाला ठाऊक आहे का? अंडी घालायची वेळ आली की मादी झाडाच्या ढोलीत शिरते आणि ढोलीचे तोंड चिखलाने लिंपून स्वतःला आत कोंडून घेते. चोच बाहेर निघेल एवढी एक फट तेवढी ठेवते. आत तिची पिसे झडतात, त्यामुळे उडायचे म्हटले तरी उडता येत नाही. दोन-अडीच महिने ती अंधारात बसते आणि नर बाहेरून फळे आणून तिला भरवतो. तिचा सगळा जीव त्या एका फटीवर आणि त्या एका नवऱ्यावर अवलंबून असतो.

आमचा हा नर सुरुवातीला मोठा भाविक होता. ओढ्याकाठचा उंबर फळांनी लगडला होता. घसा भरून उंबरे आणायची, फटीपाशी बसून आधी "देवा, तुझी कृपा!" अशी खणखणीत हाक द्यायची, आतून मादीने "तुझी कृपा!" म्हणायचे आणि मगच पहिले फळ आत सरकवायचे, असा त्याचा नेम होता. त्या हाकेनेच मादीला नवरा आल्याचे कळे. हाक ऐकल्याशिवाय ती चोच फटीपाशी नेत नसे.

चैत्र संपता संपता वळवाचे वादळ झाले आणि तो उंबर मुळासकट आडवा झाला. झाले! साहेबांची भक्ती तिथेच संपली. दुसऱ्या दिवशी तो दमून आला आणि गुपचूप चार फळे फटीत कोंबू लागला.

"अहो, आज हाक नाही दिलीत?" मादीने आतून विचारले.

"कशाची हाक देऊ?" नर कडाडला. "माझा भरलेला उंबर त्याने पाडला! दोन डोंगर ओलांडतो तेव्हा ही चार कडू फळं मिळतात. म्हणे कृपा! आजपासून त्याचं नाव घेणार नाही मी."

"नाव त्याचं असलं तरी ऐकणारी मी आहे," मादी म्हणाली. पण तो केव्हाच उडून गेला होता.

त्यानंतर तो मुकाट येई, फळे आत ढकली आणि निघून जाई. मादी एकटीच "तुझी कृपा" म्हणे आणि फटीवर खुडखुड झाली की चोच पुढे करी. बिचारी काय करणार? पोटात भूक, आणि कुशीत एक नुकते निघालेले पिल्लू व एक अंडे.

चौथ्या दिवशी फटीवर खुडखुड झाली. मादीने चोच पुढे केली. बाहेर घोरपड होती.

घोरपडीने तिच्या चोचीला चावा घेतला, वाळलेल्या चिखलात नखे घातली आणि फट फोडून मुंडी आत खुपसली. मादी पिल्लावर पसरली, रक्ताळलेल्या चोचीने टोचे मारत राहिली. पिल्लू वाचले, अंडे गेले. तेवढ्यात नर आला, त्याने घोरपडीला खोडावरून खाली पाडले आणि लगेच आभाळाकडे पाहून ओरडला, "पाहिलंस? याचेही आभार मानू का?"

आता मात्र मादीचा तोल सुटला.

"गप्प बसा! अंड्याचं खापर त्याच्यावर फोडू नका. तुमची हाक आली असती तर मी चोच पुढे केली असती का? चार दिवस तुम्ही आणि घोरपड सारखेच मुके होतात, मी कुणाला कसं ओळखायचं? ज्या वाऱ्यात उंबर पडला त्याच वाऱ्यात हे ढोलीचं झाड टिकलं. तुमचे पंख शाबूत राहिले. त्याबद्दल एक शब्द निघाला नाही तुमच्या तोंडून! राग आलाय ना? मग रागाने हाक मारा. पण मारा!"

अंडे गेले ही देवाने केलेली शिक्षा होती, असे कोणी म्हणू नका हं मुलांनो, देव इतका कोत्या मनाचा नाही. चूक धनेशाची होती आणि ती त्याला उमगली. तो ओढ्यावरून चिखल आणत राहिला, मादी आतून लिंपत राहिली, आणि संध्याकाळपर्यंत फट पुन्हा पहिल्याएवढी झाली.

मग तो दोन डोंगर ओलांडून आला. घशात एकच फळ होते, तेही कच्चे. तो फटीपाशी बसला. घोगऱ्या, चिडलेल्या, रडवेल्या सुरात तो ओरडला, "देवा, मी तुझ्यावर फार रागावलोय. पण एक पिल्लू आहे. ती आहे. तुझी कृपा!"

आतून "तुझी कृपा," असे उत्तर आले आणि जखमी चोच फटीतून पुढे झाली.

तात्पर्य : फळांनी भरल्या घशाने देवाचे आभार कोणीही मानते. वाईट दिवसांत त्याच्यावर खुशाल रागवा, पण त्याने जे राखले आहे त्याबद्दल हाक द्यायला विसरू नका, कारण त्या हाकेवर अंधारात बसलेले आपलेच कोणीतरी तग धरून असते.