धोबिणीचं नाक

जपानात कपड्यांना खिसे नव्हते, त्या काळची गोष्ट. तंबाखूची पिशवी कमरपट्ट्याला अडकवायला लोक छोटी लाकडी बाहुली वापरत. अशीच एक सुपारीएवढी धोबीण किसाकू नावाच्या चहाच्या व्यापाऱ्याच्या कमरेला चाळीस वर्षं होती. विचारात पडला की तो तिच्या तोंडावरून अंगठा फिरवी, आणि विचारात पडण्याची त्याला फार हौस होती. तिचे नाक-डोळे त्यातच झिजून गेले.

पुढे खिसे आले, किसाकू गेला आणि धोबीण एका संग्राहकाच्या काचेच्या कपाटात आली. शेजारी एकदाही कुणाच्या कमरेला न लागलेला कोरा करकरीत मासेवाला होता.

"आजीबाई, नाक कुठं विसरलात?"

"धन्याच्या अंगठ्याला लागून गेलं, बाबा. तेवढीच त्याची खूण उरलीय माझ्याकडं."

संग्राहक मोठा दयाळू. त्यानं कारागीर बोलावला. "बिचारीला चेहरा द्या."

"नको हो!" धोबीण ओरडली. पण लाकडाचं ओरडणं माणसांना ऐकू येत नाही, दयाळू माणसांना तर मुळीच नाही. कारागिरानं अंगठ्याचा खळगा तासून काढला आणि सुबक नाक-डोळे कोरले.

"आजीबाई, काय देखण्या दिसताय!" मासेवाला म्हणाला.

नव्या डोळ्यांनी तिनं काचेत पाहिलं. तिथं कुणी अनोळखी बाई होती. धोबिणीला रडायचं होतं, पण कारागिरानं तिला हसतमुख कोरलं होतं.