लतीफबाबांच्या सायकलची सीट

“मग दुखणं असं अंगावर काढायचंच कशाला, बाबा?”

लतीफबाबा कडुनिंबाला धरून उभे होते. सकाळची फेरी संपवून सायकलवरून उतरले की ते असेच उभे राहत. पाठ सरळ व्हायला वेळ लागे. बाबा झाडाला धरून आहेत की झाड बाबांना, ते लांबून कळत नसे.

“कुणाचं दुखणं?” बाबांनी विचारलं.

“तुमचं. पाठीचं,” श्रीरंग म्हणाला.

“अस्सं होय... मला वाटलं, तुझं म्हणायलास.”

श्रीरंगला हे बोलणं कळलं नाही. पण बाबांचं अर्धं बोलणं त्याला कळत नसेच, आणि उरलेलं अर्धं कळलं यावर तो खूश असे.

लतीफबाबा फकीर. डोंगराच्या पायथ्याशी त्यांचा तकिया, म्हणजे एक खोली, एक रांजण आणि हा कडुनिंब. रोज उजाडता उजाडता ते सायकल काढत आणि शिवारातल्या वस्त्यांवरून एक फेरी मारून येत. ना अंगारा देत, ना ताईत बांधत. वाटेत एखाद्या दारापाशी थांबत, आत जात, जमिनीवर बसत आणि थोड्या वेळानं उठून येत.

“आत जाऊन करता काय?” श्रीरंगने एकदा विचारलं होतं.

“बसतो.”

“आणि?”

“आणि उठतो.”

श्रीरंग शहरातल्या सायकलच्या कारखान्यात इंजिनियर होता. दर गुरुवारी तकियावर यायचा. आपण बाबांचे पट्टशिष्य आहोत असं तो मनाशी धरून चालला होता. दुसरं कुणी त्या जागेवर हक्क सांगत नव्हतं, त्यामुळे निवड सोपी होती.

गेल्या श्रावणात त्याची आई वारली. तेरावा झाला आणि तो कामावर हजर. काय खंबीर माणूस आहे, असं सगळे म्हणाले. त्यालाही ते खरं वाटलं. त्याच सुमारास त्यानं बाबांसाठी ही सीट करायला घेतली होती, आणि आज ती पिशवीत घालून आणली होती.

त्यानं ती बाहेर काढून बाबांच्या हातात दिली.

“तुमच्या जुन्या सीटच्या स्प्रिंगा गंजून मिटल्यात, बाबा. वरचं चामडं म्हणजे पाटच झालाय. खड्डा आला की धक्का सरळ मणक्यात जातो. ही बघा... हिच्या खाली शॉकअप आहे. नळीत स्प्रिंग आणि तेल. चाक उडालं की नळी दबते, तेल हळूच सरकतं, आणि बसणारा आपल्या जागी शांत.”

बाबांनी सीट दाबली. ती खाली गेली आणि अगदी सावकाश वर आली. बाबांनी पुन्हा दाबली. त्यांना मजा वाटत होती.

“साय आलेल्या दुधाची वाटी ठेवा हिच्यावर,” श्रीरंग म्हणाला, “आणि कुठल्याही रस्त्यानं न्या. साय मोडणार नाही.”

“वाटीला कुठं जायचं हाय?”

श्रीरंग हसला. बाबा मात्र हसले नाहीत.

“तुम्हाला काही म्हणजे काही जाणवणार नाही, बाबा.”

“काहीच?”

“काहीच नाही.”

बाबांच्या बोटांतली माळ सरकत राहिली. श्रीरंग वाट बघत होता. त्याला एक शाब्बासकी हवी होती, आणि ती मागायची लाजही वाटत होती.

“उद्या तूच जा फेरीला,” बाबा म्हणाले. “या सीटवर. तोवर माझी पाठ जरा टेकते. आल्यावर सांग, काय काय लागलं वाटेत.”

श्रीरंगला गगन ठेंगणं झालं. बाबांची फेरी आजवर कुणाला मिळाली नव्हती. सीट सायकलला बसवून तो तकियावरच राहिला, आणि रात्रभर तिचे नट पुन्हा पुन्हा तपासले.

पौषातली सकाळ. धुकं इतकं खाली उतरलेलं की वाट चाकापुढे हातभरच दिसत होती. दोन्ही अंगांना ज्वारी होती आणि तिचे नुसते शेंडे दिसत होते. खाली जमीन आहे हे मानायचं म्हणून मानायचं. श्रीरंग पायडल मारत होता आणि आवाज तेवढा चाकाचा येत होता, तोही दुसऱ्याच कुणाच्या सायकलचा असावा असा.

सीट त्याला अलगद वर उचलत होती, अलगद खाली ठेवत होती. लहानपणी झोळीला आईचा हात लागायचा तशी. त्याचे डोळे मिटायला लागले. आपण झोपलोय आणि पाय तेवढे जागे आहेत, असं त्याला वाटलं. इतकं सुख त्याला कित्येक दिवसांत झालं नव्हतं.

धुक्यातून मधूनच एखादं घर जवळ येई आणि मागे जाई. एखाद्या घरासमोर, चाकोरीच्या बरोबर मधोमध, कांद्याएवढा दगड दिसे. स्वच्छ, धुतल्यासारखा. श्रीरंगला ते दगड बघून आनंदच झाला. परीक्षाच घ्यायची तर चांगली कडक घ्यावी. त्यानं दगड दिसला की चाक मुद्दाम त्याच्यावरून नेलं. हँडल थोडं थरथरे, पण सीट एक सुस्कारा टाकून पुन्हा जागेवर येई.

एका दारात शेळी धरून एक म्हातारा उभा होता. त्यानं हात अर्धा वर केला आणि तसाच खाली घेतला. श्रीरंगने घंटी वाजवून त्याला रामराम केला.

पुढे एका शेवग्याच्या झाडाखाली एक बाई उभी होती. पदर घट्ट ओढलेला. तिच्या पुढ्यातही वाटेवर दगड होता. श्रीरंग त्याच्यावरून गेला, आणि आपलं सुख तिलाही दिसावं म्हणून हसला. बाई खाली बसली. मग धुकं आड आलं.

तकियावर परतला तेव्हा तो तरंगतच उतरला.

“काय लागलं वाटेत?” बाबांनी विचारलं.

“काही नाही, बाबा. अगदी काही नाही.”

“दगड?”

“होते ना. कुणीतरी मुद्दाम टाकल्यासारखे. मीही एक सोडला नाही. प्रत्येकावरून चाक नेलं. एकही माझ्यापर्यंत पोचला नाही.”

बाबांची माळ थांबली.

“कुठं कुठं होते?”

श्रीरंगने आठवून सांगितलं. शेळीवाल्या म्हाताऱ्याच्या दारात. विहिरीच्या वळणावर. आणि शेवग्यापाशी, एक बाई उभी होती तिथं.

“शेवग्यापाशी...” बाबा म्हणाले. “गयाबाईनं दगड ठेवला.”

हे त्यांनी इतक्या हळू म्हटलं की श्रीरंगला भीती वाटली.

“ठेवला म्हणजे? कशासाठी?”

“माझी नजर अधू, रंगा. त्यात मी आपल्या नामात असतो. दारात कोण उभं हाय, मला दिसत न्हाई. आणि फेरीला निघालेल्या फकिराला हाक मारून अडवू नये, असं इकडं मानतात.”

“मग?”

“मग ज्याला मी आत येऊन बसावं वाटतं, तो वाटेवर दगड ठेवतो. मला धक्का बसतो. मी उतरतो.”

श्रीरंगने वळून सायकलच्या सीटकडे बघितलं.

“गयाबाईचा मालक दसऱ्याच्या आधी गेला,” बाबा म्हणाले. “तवापासनं ती कुणाशी बोलली न्हाई. चूल शेजारणी पेटवून देतात. मी रोज तिच्या दारावरून जातो.”

“आणि थांबत नाही?”

“दगड नसतो.”

“पण तुम्हाला ठाऊक होतं ना...”

“तिनं ठेवला नव्हता.”

रांजणाखाली पाणी ठिबकत होतं.

इतक्या महिन्यांनी त्या बाईनं एक दगड उचलून वाटेवर ठेवला होता, आणि आपण त्याच्यावरून हसत गेलो... श्रीरंगला स्वतःची शिसारी आली. त्यानं पिशवीतून पाना काढला आणि सीटच्या नटाला लावला.

“काय करायलास?”

“फेकून देतो ही. तुमची जुनीच बसवतो.”

“राहू दे.” बाबांनी त्याच्या हातावर हात ठेवला. “चांगली केलीस. मऊ हाय. म्हाताऱ्या माणसाला मऊ नको झालंय व्हय?”

“मग तुम्ही हिच्यावर बसून जाणार? आणि दगड?”

बाबा सायकलपाशी गेले. सीटवर हात फिरवला. मग मागे सरकले आणि कॅरिअरवर, त्या उघड्या लोखंडी सळयांवर, एका अंगाला पाय सोडून बसले.

“चल. तू चालव.”

“बाबा, तुम्ही पुढं बसा! कॅरिअरवर तर तुमची पाठ...”

“मला चालवून दमायला व्हतं. इथं बरं हाय. मी थांब म्हणलं की थांबायचं. दगड नसंल तिथं थांबायचं न्हाई, हेबी ध्यानात ठेव.”

श्रीरंग सीटवर बसला. सीट त्याच्या वजनानं सावकाश खाली गेली. आता तिच्यावर त्याला अवघडल्यासारखं होत होतं.

धुकं विरत होतं, पण पुरतं गेलं नव्हतं. उन्हाचा पिवळा रंग त्यात मिसळला होता आणि ज्वारीवरून पाणी गळत होतं. मागून बाबांचं नाम ऐकू येत होतं. श्रीरंग अगदी हळू चालवत होता. प्रत्येक खाचेला त्याच्या खालची सीट हळुवार झुलायची आणि मागे बाबांचा श्वास एकदम अडकायचा. आपल्याला काहीच होत नाही याचा त्याला राग येऊ लागला.

शेळीवाल्याच्या दारापाशी कॅरिअर खडाडलं.

“थांब.”

श्रीरंग सायकल धरून बाहेर उभा राहिला. बाबा आत गेले. बोलण्याचा आवाज आला नाही. थोड्या वेळानं बाबा आले, म्हातारा त्यांना सोडायला आला, आणि त्यानं वाकून वाटेवरचा दगड उचलून घेतला.

विहिरीच्या वळणावरही तसंच झालं.

मग शेवगा दिसला.

श्रीरंगने लांबूनच वाटेवर नजर लावली. डोळे ताणताणून बघितलं. चाकोरी रिकामी होती. दगड नव्हता. दार ओढून घेतलेलं होतं, आणि मघाचा तो धुतलेला दगड कुंपणाच्या काट्यांत पडला होता, भिरकावल्यासारखा.

चाक शेवग्याखालून गुळगुळीत चाललं होतं. मागे बाबा नाम घेत होते. थांब म्हणाले नाहीत. म्हणणारही नव्हते, नियमच तसा होता. आता थांबलं नाही तरी कुणी त्याला दोष दिला नसता.

श्रीरंगचे पाय थांबले.

सायकल थोडी पुढे जाऊन कलली. त्यानं पाय टेकला.

“का थांबलास?” बाबांनी विचारलं.

“इथं होता दगड, बाबा.”

“मला तर धक्का बसला न्हाई.”

ओढलेल्या दाराकडे बघता बघता श्रीरंगला शहरातलं आपलं घर दिसलं. आईची खोली. त्या खोलीचं दारही त्यानं असंच ओढून घेतलं होतं, तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी, आणि मग कारखान्यात जाऊन एक चांगली मऊ सीट करायला बसला होता. तो रडत होता. हे त्यालाच उशिरा कळलं.

“मला बसला,” तो म्हणाला.

बाबा कॅरिअरवरून उतरले. शेवग्याला धरून पाठ सरळ केली. मग त्याच्या हातातून त्यांनी हँडल काढून घेतलं.

“मग आत तू जा,” लतीफबाबा म्हणाले. “सायकल मी धरतो.”